भागोजीचे पोलीस पाटील

भागोजी उतेकर टेपवाडीत शिरला की आधी पोरं पळतात. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत तीस-पस्तीस घरांची ही वाडी. तिथल्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या हातातून भागोजीनं कधी ना कधी रक्त काढलेलं आहे. "रक्तवाला आजा आला रे!" अशी आरोळी उठते आणि अंगण रिकामं होतं. भागोजीला त्याचं काही वाटत नाही. उलट पोरं पळत असताना तो त्यांच्याकडे नीट बघून घेतो. कोण चार पावलांत धापा टाकतंय, कोणाचे ओठ पांढुरके दिसतायत. एका मुलीच्या अंगात रक्त कमी असल्याचं त्यानं तिच्या पळण्यावरूनच ओळखलं होतं.

ही ओळखण्याची खोड जुनी. त्याच्या लहानपणी वाडीतली गुरं राखायची पाळी असायची. आज ह्या घराची, उद्या त्या घराची. ज्या घराची पाळी त्यानं सगळ्या वाडीची गुरं रानात न्यायची आणि तिन्हीसांजेला ज्याची त्याला बिनचूक पोचवायची. भागोजीला आठव्या वर्षी साठ गुरं चेहऱ्यानं ओळखता यायची. चेहरा दिसला नाही तर चालीवरून. शेजारच्या गावचा एखादा खोंड कळपात घुसला तर हा लांबूनच काठी उगारायचा. आई म्हणायची, अभ्यासात असं डोकं चालवलंस तर कलेक्टर होशील. कलेक्टर काही झाला नाही. पोलादपुरात दहावी केली, पुढं मुंबईला जाऊन रक्त तपासायचा कोर्स केला आणि मुंबईत राहायचं सोडून परत महाडला आला. आज अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि बाजारपेठेतल्या एका लॅबमध्ये तेहतीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला आहे.

त्या मायक्रोस्कोपवर त्याचा भारी जीव. एकवीस साली पुराचं पाणी महाडात शिरलं तेव्हा ह्या गृहस्थानं आधी मायक्रोस्कोप माडीवर नेला आणि मग बायकोचं शिलाई मशीन. शिलाई मशीनचं पायडल त्या दिवसापासून करकरतं, आणि ते करकरलं की बायको त्या पुराची गोष्ट पहिल्यापासून सांगते.

पुढं लॅबमध्ये पेशी मोजायचं मशीन आलं. रक्ताची नळी लावली की दोन मिनिटांत चिठ्ठी बाहेर. सगळ्यांना वाटलं, आता भागोजी सुटला. पण तो जरा आकडा इकडेतिकडे दिसला की काचेवर रक्ताचा थेंब ओढायचा, जांभळा रंग चढवायचा आणि स्वतः बघायचा. "मशीन मोजतंय चांगलं," तो म्हणतो, "पन त्याला मानूस ओळखता येत नाय."

माणूस म्हणजे त्याच्या भाषेत पांढरी पेशी. रक्तातल्या ह्या पेशींना त्यानं स्वतःची नावं ठेवली आहेत. जखम झाली, कुठं पू धरला की पहिल्या धावतात त्या पेशी म्हणजे हमाल. समोर येईल ते उचलायचं, गिळायचं आणि तिथंच मरायचं. फार विचार करायचा नाही. मोठ्या, ऐसपैस पेशी म्हणजे खादाड. त्या मेलेल्यांनाही साफ करतात. आणि गोल, निळसर, पोट भरून केंद्रक असलेल्या पेशी म्हणजे पोलीस पाटील. हे त्याचे खास लाडके.

"पाटलाचं काम काय? गावात परका कोन आला ते ओळखायचं," असं तो नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना सांगतो. "आता गंमत अशी, की ह्या अंगात पाटील कोट्यवधी हायत, पन एकेका पाटलाला एकच चोर ओळखता येतो. दुसरा शेजारनं गेला तरी ह्याला पत्ता नाय. आनि प्रत्येक पेशीला नेम हाय: घरात जे शिजतंय त्याचा तुकडा दाराला टांगून ठेवायचा. पाटील दारोदार फिरतो, तुकडा बघतो. आपला असला तर पुढं. परक्याचा दिसला, आनि तो नेमका ह्याच्याच ओळखीचा असला, तर मग धरला!" मुली हसतात. परीक्षेत मात्र ह्यातलं काही लिहू नका असंही तो त्यांना बजावतो.

असा हा बोलका माणूस. फक्त एका बाबतीत त्याच्या तोंडाला कुलूप होतं. रिपोर्टवर डॉक्टरांची सही झाल्याशिवाय तो पेशंटला एक अक्षर सांगायचा नाही. लॅबचा नियम तोच आहे, पण भागोजीच्या कुलपाचं कारण वेगळं होतं. अकरा वर्षांपूर्वी एक मास्तर रक्त द्यायला आले होते. भला माणूस, फार घाबरलेला. भागोजीनं काच बघितली आणि सहीच्या आधीच सांगून टाकलं, "जा हो मास्तर, काय नाय." मास्तर हसत घरी गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तीच काच बघितली आणि मास्तरांना मुंबईला पाठवावं लागलं. कॅन्सर रक्तातच होता. उपचारांत त्यानं काही फरक पडला नाही, एका दिवसाचाच प्रश्न होता. मास्तर पुढं आठ महिन्यांनी गेले. त्यांच्या घरच्यांनी भागोजीला कधी बोल लावला नाही, पण त्यानं स्वतःला लावला. तेव्हापासून पेशंट समोर असला की ह्याचा चेहरा दगडासारखा. निदान त्याची तशी समजूत होती.

गेल्या मार्चमधली गोष्ट. गुरुवारी दुपारी टेपवाडीहून दीपकची जीप आली. जीपमध्ये राहीबाई आणि तिची नात समीक्षा. राहीबाई म्हणजे भागोजीच्या चुलत भावाची बायको, त्याची वयनी. मुलगा भरत आणि सून मुंबईला कामाला, आणि तेरा वर्षांची समीक्षा आजीजवळ राहून पोलादपूरच्या शाळेत जाते. पोरगी दहा दिवस तापानं फणफणलेली. गळा सुजलेला, मानेत दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी, डोळ्यांखाली सूज. पोलादपूरच्या डॉक्टरांनी पोट तपासलं तर पानथरी, म्हणजे प्लीहाही वाढलेली. त्यांनी रक्त तपासायला महाडला धाडलं होतं. एरवी ही पोरगी रक्तवाल्या आजाला बघून सगळ्यात पुढं पळायची. त्या दिवशी तिनं मुकाट्यानं हात पुढं केला.

रक्त काढून, नळी मशीनला लावून तो एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं रक्त आणायला चवदार तळ्याकडे गेला. तेवढ्यात मशीननं चिठ्ठी काढली. रक्ताच्या बारीकशा थेंबात पांढऱ्या पेशी अकरा हजारांपर्यंत असाव्यात, त्या चौतीस हजार. त्यांतल्या शंभरात पंचाहत्तर पोलीस पाटील, आणि मशीननं शेजारी तांबडी खूण करून ठेवलेली: पेशी विचित्र आहेत, बघून घ्या.

आता टेपवाडीचा एक रिवाज आहे. वाडीत काहीही घडो, बैल मेला, पोर झालं, देवळाचा पत्रा उडाला, बातमी आधी मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाला आणि मग घराला. पूर्वी त्यासाठी पोलादपूरला जाऊन फोन करावा लागे, आता व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे. दीपक ह्या रिवाजाचा पक्का. त्यानं मशीनमधून लोंबणाऱ्या चिठ्ठीचा फोटो काढला आणि टाकला मंडळाच्या ग्रुपवर. मंडळात वाडीचा पांडू आहे. तो मुंबईत एका हॉस्पिटलात वॉर्डात कामाला असतो आणि त्यामुळे टेपवाडीच्या हिशेबानं अर्धा डॉक्टर समजला जातो. पांडूनं चिठ्ठी बघितली आणि लिहिलं: पांढऱ्या पेशी इतक्या वाढल्या म्हणजे ब्लड कॅन्सर, रक्त लागणार. झालं. भागोजी तळ्यावरून परत येईपर्यंत मुंबईत कोण कुठल्या गाडीतून निघणार हेही ठरलं होतं. आणि ती बातमी दीपकच्याच फोनवरून, भरतच्या रडक्या आवाजात, बाकड्यावर बसलेल्या राहीबाईच्या कानावर आली होती.

भागोजी दारातून आत आला तेव्हा ती उठून उभी राहिली. "भावजी, पोरीला कॅन्सर हाय?"

"कोनी सांगलान?"

"पांडूनं."

भागोजीनं दीपककडे असं बघितलं की दीपक जीप धुवायला निघून गेला. मग तो म्हणाला, "वयनी, सही झाल्याबिगर मी काय बोलत नाय. तुमाला ठावं हाय." आणि काच घेऊन आत गेला.

रंग चढायला वेळ लागतो. ती पंधरा-वीस मिनिटं त्याला जड गेली, हे तो स्वतःच सांगतो. काच धुतली, वाळवली, तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला.

पाटीलच पाटील. जिकडं बघावं तिकडं मोठाले, निळे, आडदांड. चांगला शिकलेला माणूसही इथं फसतो, कारण कॅन्सरच्या पेशीही अशाच मोठ्या आणि निळ्या दिसतात. ती कच्ची पोरं असतात. धंदा शिकायच्या आत हाडांतून बाहेर पडलेली, कुणालाही न ओळखणारी, नुसती वाढत सुटलेली. भागोजीनं काच कणाकणानं सरकवायला घेतली. एक पेशी बघितली, दुसरी बघितली, पन्नास बघितल्या, दोनशे बघितल्या. आणि हळूहळू त्याच्या ध्यानात यायला लागलं की ह्यातली एक पेशी दुसरीसारखी नाही. एकीचं केंद्रक वाकडं, दुसरीचं घडी पडलेलं. एक फुगलेली, एक लांबट. कितीतरी पेशींनी तर आपला निळा काठ साडीच्या पदरासारखा पसरला होता आणि तो शेजारच्या तांबड्या पेशींना वळसा घालून बसला होता. कॅन्सरच्या पेशी अशा नसतात. त्या एकाच बापाच्या, एका साच्यातल्या विटांसारख्या; एक बघितली की सगळ्या बघितल्या. हा घोळका भांडायला निघालेला होता.

मास्तरांची काच बघतानाही आपल्याला अशीच खात्री होती, हेही त्याला त्याच क्षणी आठवलं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून काच बघितली. मग फोननं चार फोटो काढून लॅबच्या डॉक्टर मॅडमना पाठवले. मॅडमचा फोन आला: उद्या सकाळी मी येतेच आहे, स्वतः बघते, तोवर काही बोलू नका. भागोजीनं राहीबाईला आणि समीक्षाला आपल्या घरी नेलं. जेवताना राहीबाईनं एकदाही काही विचारलं नाही, आणि भागोजीला तिचं न विचारणंच जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तो दोघींना घेऊन लॅबवर आला तर दारात ही गर्दी. टेपवाडीची मुंबई उतरलेली. तीन गाड्या, चौदा माणसं. कोणी सिक्युरिटीच्या गणवेशातच रात्रपाळी अर्धी टाकून आलेला, कोणी हाफ पँटवर, एकानं अंगातलं हॉटेलचं अॅप्रन काढायचंही राहून गेलेलं. एकाच्या काखेत हेल्मेट होतं. मित्राच्या मोटारसायकलवरून येऊन त्यानं वाटेत गाडी गाठली होती. ओम म्हणून एक लग्न ठरलेला मुलगा तर साखरपुड्याच्या खरेदीतून थेट आलेला, हातात नव्या बुटांचा खोका. आणि सगळ्यांच्या डाव्या बाह्या वर दुमडलेल्या. सगळ्यांत पुढं भरत आणि त्याची बायको. भरतची दाढी वाढलेली आणि डोळे सुजलेले. त्यानं समीक्षाला उचलून घेतलं. तेरा वर्षांच्या मुलीला उचलत नाहीत, पण त्यानं उचललं, आणि तिनंही उचलू दिलं.

"काका, आमचं सगल्यांचं काढा," पांडू म्हणाला. "जेवढं लागंल तेवढं."

"गप उभा राहा," भागोजी म्हणाला.

डॉक्टर मॅडम आल्या, मायक्रोस्कोपपाशी बसल्या. अर्धा तास काच सरकवत राहिल्या. भागोजी त्यांच्या खुर्चीमागं हात बांधून उभा होता. तेहतीस वर्षांच्या नोकरीत आपण एवढं घाबरलो नव्हतो असं तो म्हणतो. शेवटी मॅडमनी मान वर केली. "उतेकर, तुम्ही बरोबर आहात. हा कॅन्सर नाही. व्हायरसचा ताप आहे, आणि शरीर त्याच्याशी लढतंय. खात्रीसाठी रक्त पुण्याला पाठवू, पंधरा दिवसांनी पुन्हा काच बघू. पानथरी वाढलीये, धक्क्यानं फुटू शकते, तोवर उड्या मारायच्या नाहीत. जा, सांगा बाहेर."

"मी?"

"मग कोण? सही करते मी. तुमची माणसं आहेत."

भागोजी बाहेर आला आणि पायरीवर उभा राहिला. चौदा बाह्या दुमडलेल्या. त्यानं आधी भरतकडे बघितलं. मग म्हणाला, "कॅन्सर नाय." तेवढ्यानंच समीक्षाच्या आईनं तिला कुशीत ओढलं. पांडू मात्र आपला मुद्दा सहजासहजी सोडणारा नव्हे. "पन काका, पेशी चौतीस हजार! त्या कुठनं आल्या मंग?"

भागोजीनं समोरच्या घोळक्याकडे बघितलं. गणवेश, हाफ पँट, अॅप्रन, हेल्मेट, बुटांचा खोका. आणि त्याला हसू फुटलं.

"तुमी कुठनं आलात? तशाच आल्या त्या," तो म्हणाला. "पोरीच्या अंगात चोर शिरला. त्याला ओळखनारे पाटील सगल्या अंगात मूठभर. त्यांतला एक मानेच्या गाठीत बसलेला. त्याला चोर घावला, आनि त्यानं हाळी दिली. एकाचे दोन, दोनाचे चार, दहा दिवसांत कोट्यवधी झाले. ताप आला तो त्यांच्या धावपळीचा. गाठी सुजल्या त्या त्यांच्या गर्दीनं. हे दुखनं नाय रे, दुखन्याशी चाललेलं भांडन हाय. आनि कॅन्सरच्या पेशी एका साच्यातल्या असतात. धावून आलेली मानसं कवा सारखी दिसतात? बघा एकमेकांकडं!"

माणसांनी खरंच एकमेकांकडे बघितलं. ओमनं बुटांचा खोका पाठीमागं लपवला. कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसायला लागले.

समीक्षानं घोगऱ्या आवाजात विचारलं, "आजा, चोर शिरला कसा पन?"

"उष्ट्यातनं. कुनाचं काय उष्टं खाल्लंस?"

मग कळलं की महिन्यामागं शाळेच्या मागं पाच मैत्रिणींनी मिळून एकच कैरी खाल्ली होती, तिखट-मीठ लावून, पाळीपाळीनं चावत. त्यांतल्या ऋतिकाला आधीच ताप येऊन गेलेला. "म्हंजे गुरांसारखी कैरीची बी पाळी लावलीत," भागोजी म्हणाला. "आता हा चोर अंगाच्या कोपऱ्यात दडून राहनार जन्मभर, पन त्याला ओळखनारे पाटील बी राहनार राखनीला. पुन्यांदा डोकं वर काढायला देनार नायत."

पांडू एव्हाना ओशाळला होता. दुमडलेली बाही खाली करत म्हणाला, "म्हंजे आमी उगाच आलो."

"उगाच कसं? आता जेवूनच जा सगले," भरत म्हणाला आणि पुन्हा रडायला लागला. दीपकच्या जीपमध्ये आणि तीन गाड्यांत माणसं बसायला लागली. टेपवाडीला पंधरा-वीस जणांचा भात टाकायचा निरोपही गेला, अर्थात मुंबईच्या ग्रुपवरून.

राहीबाई मागं राहिली. तिनं ह्या सगळ्यात एक शब्द काढला नव्हता, डोळ्यांतून टिपूसही नव्हतं. भागोजीला वाटलं, हिला कळलं नसेल. तो जवळ जाऊन सावकाश म्हणाला, "वयनी, पोर बरी हाय तुमची."

"ते मना कालच समजला," राहीबाई म्हणाली.

"कालच? कोनी सांगलान?"

"तुमी. जेवताना दुसऱ्यांदा भात मागून घेतलात. मास्तरांचं झालं तवा तुमी टेपवाडीला आलेलात, माज्याच चुलीपाशी बसलेलात. दोन दिवस भाताला शिवला न्हवतात. मी म्हनलं, हा मानूस भात मागतोय, म्हंजे पोरीला काय नाय." तिनं पदर सारखा केला. "मंग मी झोपले. पोरीला कुशीत घेऊन चांगली झोपले."

भागोजीनं अकरा वर्षं सांभाळलेलं कुलूप ह्या बाईनं भाताच्या वाढपावरून उघडलं होतं. त्याला राग यायला हवा होता, पण आली ती भीती. "वयनी, आन माजं चुकलं असतं तर? आज मॅडमनी उलटं सांगितलं असतं तर?"

"तर आज रडले असते," राहीबाई म्हणाली. "पन कालची रात तर झोपले ना? ती काय कोनी परत घेतली असती?"

मास्तर त्या दिवशी लॅबच्या पायऱ्या हसत उतरले होते. त्या संध्याकाळी ते घरी जाऊन काय जेवले असतील, कोणाशी काय बोलले असतील, ह्याचा विचार भागोजीनं अकरा वर्षांत कधी केला नव्हता. राहीबाई जीपकडे चालायला लागली. भागोजी तिथंच पायरीवर बसला आणि भर बाजारपेठेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, डोळे पुसत राहिला.